पन्नास लक्स

चित्र वीतभर. तेवढंही नाही.
पंजा पुढे धरला तर झाकून जातं,
बोटांची टोकं तेवढी बाहेर उरतात.
मुहर्रकमधल्या मोतीवाल्याच्या जुन्या घरात,
जिथे आता गॅलरी आहे, एसी आहे,
सात नंबरच्या दिव्याखाली लावलंय.
दिवा माझा. म्हणजे बसवलेला मी.

रीम मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं :
इनास, पन्नास लक्स. एक्कावन्न नाही.
पावणेचारशे वर्षांचा कागद, उजेडाने पिकतो.
मी शिडीवर, मीटर टेकबहादूरच्या हातात,
तो खालून ओरडतोय चोपन्न, त्रेपन्न, बावन्न,
जसा बाजार उठताना मासळीचा भाव.

लोक येतात, वाकतात,
काळंच आहे सगळं, म्हणतात
आणि पुढच्या खोलीत जातात, तिथे रंग आहेत.
मीही तेच म्हणालो होतो.
मग एका दुपारी एक सैल वायर शोधत
तिथेच उभं राहावं लागलं दहा मिनिटं,
तर अंधारातून एक टोपी आली.
टोपीखाली गाल.
गालाच्या मागे खिडकी, खिडकीत म्हातारी,
पायात घुटमळणारं कुत्रं,
बर्फातून दारोदार हिंडणारी पोरं,
आणि पोरांच्या मधोमध, काठीवर, कागदाचा तारा.

खाली पाटी आहे : तीन राजांची रात्र, हॉलंड.
पाटीची गरज नव्हती.
आमच्या वसईत बा कामट्या तासायचा,
आई मैद्याची खळ शिजवायची,
पतंगाचा कागद, आत मेणबत्ती.
एका वर्षी मिस्साच्या आधीच तारा पेटला, राख झाली.
मी रडलो. बा हसला.
म्हणाला, आता राजे वाट विचारत येतील.

मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या, मी ऐकत होतो :
तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडे,
ओरखड्यांत शाई, वर ओला कागद, मग दाब.
म्हणजे अंधार सगळा हाताने केलेला.
रेघेवर रेघ, तिच्यावर आडवी रेघ,
मान अवघडेपर्यंत.
आणि तारा?
ताऱ्यात काहीच नाही.
तिथे सुई गेलीच नाही.
तो नुसता कागद.

बावीस वर्षं वायरिंग करतोय मी,
उजेडासाठी भिंती फोडतोय,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे बाहेर रात्र होतच नाही.
पुलावर दिवे, क्रेनवर दिवे,
लांब रिफायनरीची न विझणारी जीभ,
खोलीत आठ जण, आठांचे आठ मोबाइल.
डोळ्यांवर टॉवेल बांधून झोपतो आम्ही,
आपापला अंधार आपण करतो.

काल सणाचा फोन लावला. घरी लाइट गेलेली.
पडदा काळा. आत जॅसिंताचा आवाज :
डॅडी, दिसते का मी?
नाही म्हणणार होतो.
थांब म्हणालो. हलू नकोस.
आधी नाकाचं टोक आलं.
मग कपाळावरची बट.
मागे भिंत, भिंतीवर तिच्या आईची सावली
मेणबत्ती घेऊन इकडून तिकडे.
मग हसू. हसण्यात एक फट,
पुढचा दात पडलाय, मला कुणी कळवलं नव्हतं.
पुढे वाकलो नीट बघायला,
आणि लाइट आली.
सगळं पांढरं झालं, घरभर आरडाओरडा,
ती डोळे चोळत पळाली टीव्हीकडे.

आज सकाळी मीटर सत्तेचाळीस दाखवत होता.
टेकबहादूर म्हणाला, वाढवू का?
राहू दे, म्हटलं.
रजिस्टर काढलं, तारीख टाकली, लिहिलं :
दिवा सात. पन्नास. ठीक.